उजव्या कोपऱ्यातला हिराजी

हिराजीदादा,

काल तुझा दहावा झाला. खाडीच्या काठावर पिंड ठेवला आणि पाच मिनिटांत कावळा आला. सगळे म्हणाले, माणूस समाधानाने गेला, मागे काही राहिलं नाही. मीही मान डोलावली. तुझं काही राहिलं नव्हतं हे खरंच. राहिलं होतं ते माझं, आणि त्यासाठी कावळा कशाला थांबेल?

दुपारी शाळेच्या मैदानावर शोकसभा होती आणि मला बोलायला सांगितलं होतं. तिथे मी काय बोललो ते तुला सांगायचंय. बारा वर्षं तू मला हा विषय काढू दिला नाहीस. मी सुरुवात केली की तू उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचास. तुझी म्हैस दिवसातून इतकं पाणी कशी पिते, असा मला प्रश्न पडायचा. आता तू कुठे उठून जाणार? बस आणि ऐक.

तुझी आणि माझी पहिली भेट मैदानातच झाली. मी भिवंडीतल्या एका कबड्डी मंडळाचा चढाई करणारा, वय बावीस, अंगात मस्ती फार. तू मानकोलीजवळच्या तुझ्या गावचा उजवा कोपरा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मला आमच्या लोकांनी आधीच बजावलं होतं, "सदा, उजवीकडे जाऊ नकोस. तिथे गिरणीवाला उभा आहे." जाऊ नको म्हटलं की जायचं, ही माझी तेव्हाची खोड. मांडीवर थाप मारून सरळ तुझ्याच अंगावर आलो. डोळ्याने एक हूल दिली, खांद्याने दुसरी दिली. तू माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाहीस. पुढच्या क्षणाला माझा घोटा तुझ्या दोन्ही हातांत होता आणि माझ्या तोंडात तुमच्या गावची माती. सामना संपल्यावर तू पाण्याचा तांब्या पुढे केलास आणि म्हणालास, "मानूस डोल्यानं खोटा बोलतंय. टाच न्हाय बोलत. मी टाच बगतंय."

पुढे कळलं की तू साधासुधा कोपरा नव्हतास. एकोणिसाव्या वर्षी मुंबईच्या एका गिरणीने तुला कबड्डीसाठी उचललं होतं. नाव सूतखात्यात, हजेरी मैदानावर. व्यावसायिक गटाचे सामने खेळत तू सांगलीपासून नागपूरपर्यंत फिरलास. सात-आठ वर्षं त्या संघाचा उजवा कोपरा म्हणजे तू. तू सांगायचास, कधीकधी दोन-दोन सामन्यांत तुझ्या बाजूला कोणी फिरकायचंच नाही. सगळ्या चढाया डावीकडे. तू कोपऱ्यात वाकून उभा राहून कंटाळायचास आणि संध्याकाळी कोणीतरी विचारायचं, "आज काय केलंस रे हिराजी?" मला वाटतं कोपऱ्यातल्या माणसाचं मोठेपण हेच असतं, की त्याच्यामुळे जे घडलं नाही ते कोणाला दिसत नाही. वर्तमानपत्रात चढाई करणाऱ्याचं नाव ठळक यायचं. तुझ्याबद्दल एकच ठरलेलं वाक्य असायचं, "हिराजीने चांगली साथ दिली." ती कात्रणं तू जपून ठेवली होतीस आणि त्या वाक्यावर स्वतःच हसायचास.

उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. शर्टाचं वरचं बटण तुला लावता यायचं नाही, ते वहिनी लावून द्यायच्या, मग तुझी मुलगी नंदा मोठी झाल्यावर ती. त्या सात-आठ वर्षांनंतर गिरण्या बंद पडल्या. ज्या हातांना नोकरी दिली होती त्यांनाच घरी पाठवलं. तू गावाला परत आलास, भातशेती बघायला लागलास आणि गावच्या संघात पुन्हा उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलास. कुरकुर केली नाहीस. बाळाराम तुमचा कप्तान आणि तुझ्या शेजारचा गडी. तुम्ही दोघं हातात हात धरून उभे राहायचात, साखळीत, जसे सगळे कोपरे राहतात. मिशा असलेले दोन दणकट बाप्ये असे हात धरून वाकलेले बघून आमचे चढाईवाले हसायचे. हसून झालं की पकडले जायचे.

आपल्या पहिल्या भेटीच्या वर्षीच, हिवाळ्यात, आपण वज्रेश्वरीला भेटलो. ठरवून नाही. भिवंडीहून सकाळच्या एसटीने मी गुडघे शेकायला गेलो होतो, तूही त्याचसाठी आला होतास. त्या गरम पाण्याच्या कुंडात देवीला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्या असतात, तसे सांधे धरलेले कबड्डीवालेही असतात. पंचा लावून आपण दोघं शेजारी शेजारी गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. आठ दिवसांनी आपल्या दोन संघांचा अंतिम सामना होता. समोरच्या संघाच्या कोपऱ्याला आपलं दुखणं सांगू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण गरम पाण्यात माणूस सैल होतो.

मी तुला सगळं सांगून टाकलं. वडील शाळामास्तर, लकवा होऊन दोन वर्षं अंथरुणावर. माझं कॉलेज सुटलं. बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये चार लूम सांभाळतोय, कान आताच अर्धे गेलेत. मुंबईच्या एका कंपनीचे साहेब अंतिम सामना बघायला येणार आहेत, संघात एक चढाईवाला हवाय, कायमची नोकरी आहे. साहेबांसमोर एक चढाई नीट झाली पाहिजे. मी बोलत होतो आणि तू पाण्याखाली गुडघा दाबत होतास. शेवटी एवढंच म्हणालास, "बापाला कोन बगतंय, तू शिफ्टला गेल्यावर?" मी म्हणालो, धाकटी बहीण. तिनेही शाळा सोडली. बाहेर आल्यावर मला भजी खायला घातलीस आणि एसटीत खिडकीची जागा दिलीस.

आणि मग तो सामना. मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. साहेब पुढच्या खुर्चीवर, टोपी घालून. माझ्या चढाया त्या दिवशी फार बऱ्या होत नव्हत्या, नजर सारखी साहेबांकडे जात होती. शेवटची चढाई माझी आणि गुण बरोबरीत. मी डावीकडे गेलो, काही मिळालं नाही. दम संपत आला होता. उजवीकडे वळलो आणि जाता जाता तुझ्या घोट्याकडे पाय टाकला.

लागला नाही. पायाचा अंगठा हवेतून गेला. तुझा घोटा आणि माझा अंगठा यांच्यात वीतभर जागा होती, ती मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. मी मध्यरेषेवर पोचलो, आणि पुढे जे केलं ते ठरवून केलं असं म्हणवत नाही, पण केलं मीच. हात वर केला आणि बोट तुझ्याकडे दाखवलं. उजवा कोपरा बाद.

पंच त्या बाजूला नव्हते, धूळही उडाली होती. असं झालं की ठाणे जिल्ह्यातले पंच एकच गोष्ट करायचे, तुझ्याकडे बघायचे. हिराजीने हात वर केला तर लागला, नाही केला तर नाही. यावर कधी कोणी वाद घातला नव्हता. पंचांनी बघितलं. तू माझ्याकडे बघत होतास, पहिल्यांदाच तोंडाकडे. मग तू बाळारामच्या हातातून हात सोडवलास, वर केलास आणि मैदानाबाहेर चालत गेलास.

आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. पंधरा दिवसांत कंपनीचं पत्र आलं. बहीण परत शाळेत गेली, पुढे ती मास्तरीण झाली, वडिलांच्याच शाळेत. वडिलांना औषधपाणी नीट मिळालं, ते आणखी सहा वर्षं जगले आणि शेवटची दोन वर्षं काठीने चालले. माझं लग्न झालं, घर झालं. अकरा वर्षं मी त्या कंपनीकडून खेळलो, माझं नाव ठळक छापून आलं. हे सगळं त्या वीतभर जागेत उभं आहे, दादा.

आणि तुझं? पुढच्या स्पर्धेत उजव्या कोपऱ्यात दुसरा गडी होता. गावातले लोक चावडीवर म्हणायचे, "हिराजी थकला आता. पाय मागं घेता येईना." ज्याच्या बाजूला कोणी फिरकत नव्हतं, तो माणूस सदाच्या अंगठ्याने बाद होऊन संपला, असं तुझ्या नावापुढे कायमचं लागलं. तू मानकोलीच्या एका गोदामात मुकादमाचं काम धरलंस.

पहिल्या दिवाळीला मी मिठाई घेऊन आलो. अंगणातच म्हणालो, "दादा, तो पाय लागला नव्हता."

"लागला व्हता."

"मी बघितलंय ना."

"तुजा अंगठा, माजा घोटा. कुनाला जास्त कलनार?"

झालं, तू म्हशीकडे. दर दिवाळीला हाच वाद, हेच शब्द, हीच म्हैस. वहिनी आतून हसायच्या. तुझ्या तोंडून एकदा "नव्हता लागला" निघालं असतं तर मला तुझे आभार मानता आले असते. ते तू होऊ दिलं नाहीस. एका वर्षी मी म्हणालो, मी स्पर्धेच्या लोकांना पत्र लिहून खरं काय ते सांगतो. तेव्हा मात्र तू चिडलास. मी तुला चिडलेला तेवढाच बघितला. "ज्या कामाला घेतलाय ते कर," म्हणालास, "नीट खेल." मी मुकाट्याने चहा प्यायलो. नीट खेळलो मात्र. अकरा वर्षांत एकदाही न लागलेला पाय लागला म्हणालो नाही. यात पुण्य कसलं, भीती होती. वाटायचं, समोरून पुन्हा एखादा हिराजी निघेल आणि माझ्यासाठी बाहेर चालत जाईल.

गोदामातून सुटल्यावर तू शाळेच्या मैदानावर पोरांना शिकवायला लागलास, आणि नंदा आठवीत गेल्यावर मुलींनाही. गावाने थोडी कुजबुज केली, मग केली नाही. तुझ्या शिकवण्यात पहिला नियम होता, पाय लागला तर पंचांची वाट बघायची नाही, आपण होऊन हात वर करायचा. नंदा आता सोळा वर्षांची आहे, जिल्ह्याच्या संघात खेळते, आणि अर्थातच उजव्या कोपऱ्यात. दहा दिवसांपूर्वी तू त्याच मैदानावर फक्कीने रेषा मारत होतास, तिथेच छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. मी पोचलो तेव्हा अर्धी आखलेली रेषा तशीच होती. ती पुरी करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

तर काल शोकसभा. खुर्चीवर तुझा गिरणीच्या संघातला फोटो ठेवला होता. मैदान भरलं होतं. पुढे सतरंजीवर तुझी सगळी पोरं-पोरी, नंदा मधोमध. सरपंच बोलायला उठले, म्हणाले, "हिराजी जन्मात खोटा बोलला न्हाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसलो तर तू थकलेला कोपरा म्हणून जाणार. मी बोललो तर तू खोटा हात वर केलास असं तुझ्याच पोरांसमोर, तुझ्याच मुलीसमोर ठरणार, आणि मी काय आहे तेही. नोकरीतून आता मला कोणी काढणार नाही. पण तुझ्या अंगणात दिवाळीला परत पाऊल टाकता येईल की नाही, ते मला माहीत नव्हतं.

माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि एका दमात सांगून टाकलं. पाय लागला नव्हता. मी खोटं बोललो. हिराजीने ते माहीत असून हात वर केला. तो थकला नव्हता, त्याचा पाय जागेवर होता, माझाच पोचला नाही. बारा वर्षं तुम्ही त्याला जे म्हणालात ते मला म्हणायला हवं होतं. एवढं बोलून मी उभाच राहिलो. खाली बसायचं असतं हेसुद्धा आठवेना.

मग मागून बाळाराम उठला. केस पांढरे झालेत त्याचे, गेली कितीतरी वर्षं तुझं त्याचं बोलणं तुटक होतं.

"मना म्हाईत व्हता," तो म्हणाला. "त्याचा हात माज्या हातात व्हता. पाय लागला का मानूस हात झटकतंय. त्याचा हात हालला पन न्हाय. मी बाहेर जाऊन त्याला बोललो, पंचाला सांग. तो बोलला, मी न्हाय बोललो तं पोरगा सायबांपुढं खोटा पडंल. त्यो खोटा न्हाय, बोलला, घाबरलाय. त्या रागानं मी त्याला संघातून काडला. थकला म्हनून न्हाय. तुमी थकला बोललात, आन् मी गप बसलो. माजा पन चुकला."

दादा, इतकी वर्षं मला वाटत होतं की तू मला नोकरी दिलीस. म्हणजे दया केलीस. आणि दया कोणाला आवडते? त्यासाठी मी तुझ्यावर थोडा रागावूनही होतो, हे आता कबूल करतो. पण तू काय केलं होतंस ते काल समजलं. मी खोटा ठरू नये म्हणून माझं खोटं तू आपल्या अंगावर घेतलंस. मला खोटा म्हणायला तू त्या क्षणीही तयार नव्हतास, मी मात्र स्वतःला तेच म्हणत आलो. पुढे अकरा वर्षं मी नीट खेळलो ते भीतीने, असं मघाशी लिहिलं. बहुतेक ते तितकंसं खरं नाही. कोणीतरी आपल्याला खरा धरून चालला होता, ते कुठेतरी पोचलं असावं.

सभा संपली. लोक माझ्याजवळ आले, काही नुसते खांद्यावर हात ठेवून गेले. मी नंदाला शोधत होतो आणि तिला टाळतही होतो. तीच आली. दहा दिवसांत रडून चेहरा सुजलेला. मला वाटलं, आता ही विचारणार, माझे बाबा खोटं बोलले का?

तिने विचारलं, "काका, पाय किती लांब होता?"

मी हाताची वीत करून दाखवली. "एवढा."

तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं. मग त्या गर्दीत, तुझ्या फोटोसमोर, तिने गुडघे वाकवले आणि उजवा हात पुढे टाकून बघितला. एकदा, मग आणखी एकदा.

"न्हाय काका," ती म्हणाली. "येवढ्या जवळ आलेला पाय बाबांनी कधी जाऊ दिला नाय. मी पन नाय देनार. त्यांनी तुमाला आधीच सोडला होता. तुमी हात वर करायच्या आधी."

मी तिथेच सतरंजीवर बसलो. इतकी वर्षं मी एका हाताचा हिशोब करत होतो, तू वर केलेल्या. जो हात तू पुढे टाकलाच नाहीस त्याचा विचार मला कधी शिवला नाही. मी चढाईवाला, मला कुठून समजणार? ते ओळखायला कोपऱ्यातलंच माणूस लागतं, आणि ते तू तयार करून गेलास. शेवटच्या चढाईत साहेबांसमोर पकडला गेलो असतो तर पत्र आलं नसतं, हे तुला वज्रेश्वरीपासून माहीत होतं. तू मला रिकाम्या हाताने का होईना, पण उभा परत जाऊ देत होतास. तेवढं पुरत होतं. खोटं बोलायची मला गरजच नव्हती. हे तू जिवंतपणी मला कसं सांगितलं असतंस? मी मोडून पडलो असतो. म्हणून तुझ्या म्हशीला तहान लागत होती.

तेव्हा आता वाद संपला असं धर. पाय लागला नव्हता. आभार, दादा. बापासाठी, बहिणीसाठी, माझ्यासाठी.

नंदा माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "काका, रविवारी येता? पोरींना सरावाला चढाई करायला मोठा मानूस नाय आता. बाबाच यायचे." मग नाक पुसून, थोडं हसून, "पन मी सोडनार नाय हां. आधीच सांगते."

माझे गुडघे गेलेत, दम दहा सेकंदांवर टिकत नाही, आणि तुझ्या मुलीची नजर तेव्हाच माझ्या टाचेवर गेलेली मी बघितली. मी म्हणालो, येतो.

तुझा,
सदा